सरांचं डेरिव्हेटिव्ह

गणितातलं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे आलेखाचा उतार काढणं, जन्मभर शिकवून शिंगाडे सर निवृत्त झाले आणि शेळगावच्या घरी एकटे बसून शेअर बाजारातल्या डेरिव्हेटिव्हमध्ये, म्हणजे पुढच्या भावावर लावायच्या सौद्यांत, पैसे घालवू लागले. बारामतीच्या ब्रोकरकडे नोकरीला असलेली त्यांची जुनी विद्यार्थिनी अस्मा रोज सकाळी भाव सांगायला फोन करी. एक दिवस तिला राहवलं नाही.

“सर, उतार बघून पुढचं ओळखायला तुमीच शिकवलं की आमाला. हा उतार तुमाला दिसत न्हाय व्हय?”

“दिसतोय की. चहा झाला का तुझा?”

“झाला. विषय बदलू नका, सर. उरलेले पैसे काढा आन बँकेत ठेव करा. निवांत ऱ्हावा.”

“नको गं. ठेवीसाठी बँकेचा फोन वर्षातनं एकदाच येतो.”