बोर्डावरच्या मॅडम

कॉलेजसमोरच्या चौकात राजवीरच्या वाढदिवसाचा डिजिटल बोर्ड लागला होता. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत, तालमीतल्या पोरांच्या मधोमध, मराठीच्या श्यामला मॅडमचा फोटो. फोटोखाली वाक्य: ‘राजवीर वाईट असेल, पण खोटा नाही.’

रिक्षातून उतरलेल्या मॅडमनी ते दोनदा वाचलं.

वाक्य त्यांचंच होतं, नाही कसं म्हणणार? काल तासाला पोरं जांभया देत होती. अभ्यासक्रमाला लावलेली जुनी कादंबरी, तिचा नायक गाव लुटणारा, एका पोरीचं आयुष्य नासवणारा, आणि तरी वाचणाऱ्याचा जीव त्याच्यातच अडकलेला. असला नायक कुणाच्या डोक्यात उतरेना. मग मॅडम म्हणाल्या, तुमचा तो रीलवाला राजवीर घ्या की. शिव्या देतो, तलवारी नाचवतो, पण त्याचं आत एक आणि बाहेर एक असं नाही. राजवीर वाईट असेल, पण खोटा नाही. झालं. वर्ग खडबडून जागा झाला, टाळ्या पडल्या. आणि टाळ्या कुणाला नको असतात? पुढचा सगळा तास मॅडम राजवीरवरच बोलल्या. कुणीतरी मोबाइल धरून बसलं होतं.

त्याच वर्गात भिंतीकडच्या बाकावर संयोगिता होती. तिनं नकार दिला म्हणून याच राजवीरनं तिचा फोटो नाव-गावासकट रीलवर टाकला होता, आणि वर तिच्याबद्दल नाही नाही ते बोलला होता. पोरीनं धीर करून पोलिसांत तक्रार दिली. आज कोर्टात तिची साक्ष होती. मॅडमना हे ठाऊक नव्हतं असंही नाही. चांगलं ठाऊक होतं. बोलण्याच्या भरात ती पोर त्यांना दिसलीच नाही, एवढंच.

आता ती बोर्डाखाली उभी होती. शेजारी मोटारसायकलवर तिचा बाप आकाराम. कागलच्या कारखान्यातून रजा काढून तो पोरीला कोर्टात न्यायला आला होता.

मॅडम धावतच गेल्या. बोर्ड आत्ताच्या आत्ता उतरवायला लावते म्हणाल्या, पेपरात खुलासा देते म्हणाल्या, हवं तर कोर्टात मी स्वतः येते म्हणाल्या. बोलता बोलता त्यांना रडू आवरेना.

आकारामनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मॅडम, आता त्येचा वकील तुमचंच वाक्य वाचून दावणार की. ही म्हणतीया, पप्पा, घरला जाऊया.”

“असं नको करूस गं,” मॅडम संयोगिताला म्हणाल्या. “तू खरी आहेस.”

संयोगितानं खरं-खोटं काहीच काढलं नाही. तिनं विचारलं, “मॅडम, त्या कादंबरीत त्यो ज्या पोरीचं वाटोळं करतोय, तिचं नाव काय हाय?”

मॅडम आठवायला लागल्या. वर्षानुवर्षं शिकवलेलं पुस्तक. नायकाचं घर, त्याचा घोडा, त्याच्या आईचं नाव, सगळं तोंडपाठ होतं.

“नाव नाही गं दिलेलं,” शेवटी त्या म्हणाल्या. “नुसती ‘ती पोर’ म्हणूनच येते.”

“मग सुटली की ती,” संयोगिता म्हणाली. “माझं अख्ख्या जिल्ह्याला पाठ हाय.”

ती बापाच्या मागं बसली. आकारामनं गाडी घराकडं, हातकणंगल्याच्या रस्त्याला वळवली. कोर्ट दुसऱ्या बाजूला होतं.