पाठीतलं पाणी

"यांना बाहेर काढा! ही माझी आई नाही!" स्वरा किंचाळली आणि तिने सलाईन लावलेला हात जोरात हिसडला.

नर्सने इंदुबाईला हलकेच दाराबाहेर नेलं. "मनावर घेऊ नका, मावशी. आजार बोलतोय."

इंदुबाई बाकावर टेकली. शेजारी तिचा नवरा मारुती बसला होता. कंपनीतली पाळी संपवून बोईसरहून तसाच पालघरला आलेला, अंगावर अजून कामाचेच कपडे. साताऱ्याकडचं गाव सोडून दोघं बोईसरला आली, तेव्हा स्वरा कडेवर होती. आता कॉलेजात जात होती.

गावाहून स्वराची आत्या आली, पोरीला एकटीला घेऊन बराच वेळ बोलत बसली, आणि ती गेल्यावर पोरीचं बिनसलं. आधी जेवण तोडलं. मग ताप, मग भिंतीवरच्या पालीशी गप्पा, शेवटी झटके. शेजारच्या मंजुळाने आत्याच्या करणीवर बोट ठेवलं, मासवणच्या भगताचं नाव सांगितलं. मारुतीने ऐकलं नाही. रिक्षात घालून सरळ इस्पितळ गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या मणक्यातून सुईने पाणी काढून मुंबईला तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर दोघांना समोर बसवून सांगितलं, "शरीर बाहेरच्या रोगाशी लढतं ना, ती ताकद तिच्याच मेंदूवर उलटलीय. पाण्यात पांढऱ्या पेशी वाढल्यात. सूज दाखवणारे घटकही खूप आहेत. या आजारात कधी कधी जवळचं माणूस परकं वाटतं. सूज उतरली की ती तुम्हाला ओळखेल."

मग सहज विचारलं, "बाळंतपणात काही त्रास? जन्मल्यावर लगेच रडली होती ना?"

"सगळं व्यवस्थित झालं," मारुतीच बोलला.

इंदुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

औषधं लागू पडली. झटके थांबले. पाल गेली. नर्स विष घालते म्हणणारी स्वरा तिच्याच हातून मऊ भात खाऊ लागली. एका सकाळी तिने "पप्पा" म्हणून हाक मारली, तेव्हा मारुती बाहेर जाऊन रडून आला.

इंदुबाईला मात्र हाक नव्हती. ती केस विंचरायला गेली की स्वरा डोकं बाजूला घ्यायची. आता ओरडत नसे. शांतपणे म्हणायची, "तुम्ही माझी आई नाही."

त्या 'तुम्ही'ने इंदुबाईच्या काळजाला घरं पडत.

पुन्हा पाणी काढायची वेळ आली. स्वराला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन धरायचं होतं. इंदुबाईने धरलं. सुई आत गेली तशी पोरीने डोळे मिटून तिचाच दंड घट्ट पकडला. काम संपलं आणि सोडून दिला.

दुसरा रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरीणबाईंनी दोघांना पुन्हा समोर बसवलं.

"पाणी जवळजवळ स्वच्छ आहे. पेशी उतरल्या, सूजही. पण तो एक भ्रम काही जात नाही. म्हणजे पाण्यात दिसत नसलं तरी मेंदूत काहीतरी धुमसतंय. ते तसंच सोडलं तर आजार पुन्हा उलटेल. पुढचं औषध सुरू करावं म्हणते."

"करा की," मारुती म्हणाला.

"जड औषध आहे. त्यानं पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. म्हणून तुम्हा दोघांना आधी विचारते."

मूल होत नाही म्हणजे काय, हे इंदुबाईला कुणी समजावून सांगायला नको होतं.

"तुम्ही म्हणाल तसं," मारुतीने सहीसाठी पेन मागितलं.

इंदुबाईने त्याचं मनगट धरलं.

"इंदू, गप बस," तो दबक्या आवाजात म्हणाला. तिच्याकडे बघितलं मात्र नाही.

काचेपलीकडे स्वरा खाटेवर बसून स्वतःची वेणी घालत होती.

"बाई, पोर बरी झालीय," इंदुबाई म्हणाली. "दुसरं औषध नको."

"बरी झाली तर आईला का ओळखत नाही?"

"ओळखलंय तिनं मला." इंदुबाईने मारुतीचं मनगट सोडलं. "पोर खरं बोलते, बाई. मी तिला जन्म नाय दिला."