फक्त माझ्यासाठी

संगीत माणसं जोडतं, असं वकिली सोडून लंडनच्या एका रेकॉर्ड कंपनीचा प्रमुख झालेला डेस्मंड प्रत्येक भाषणात सांगायचा. त्याने लिहिलेल्या करारामुळे गायकांना मात्र प्रमुखाच्या परवानगीशिवाय कुठेच गाता यायचं नाही.

निवृत्तीच्या संध्याकाळी त्याने घरी जेवायला बोलावलेल्या गायकांपैकी एकटी ब्रॉनविन आली.

"एक गाणं म्हण ना, फक्त माझ्यासाठी."

"नको रे बाबा. सख्ख्या बहिणीच्या लग्नात गायले, तर तू नोटीस धाडलीस."

"आज माझी परवानगी आहे."

"तुझी? तू दुपारीच निवृत्त झालास की."

डेस्मंडने नव्या प्रमुखाला फोन लावला. पलीकडून आदराने प्रश्न आला, "श्रोते किती आहेत, सर?"

"एकच."


"माफ करा, सर. एका श्रोत्यासाठी कंपनी परवानगी देत नाही."