आईच्या बाजूचं दार

बाबांच्या जुन्या फियाटमध्ये आईच्या बाजूचं दार आतून ओढून घ्यायला हँडलच नव्हतं. आई बसली की बाबा गाडीला वळसा घालून यायचे, बाहेरून दार लावायचे आणि दर वेळी तेच म्हणायचे, "बाजारात सगळा नकली माल आहे गं. अस्सल हँडल मिळालं की बसवतो."

बाबा गेल्यानंतर अबोलीने गाडी दुरुस्तीला काढली. चाकणच्या कंपनीत दिवसभर सुटे भाग तपासणं हेच तिचं काम. हँडलची पहिली नक्कल तिने क्रोम निघतंय म्हणून परत पाठवली, दुसरी स्क्रूची भोकं जुळेनात म्हणून. तिसरीत मात्र तिलाही खोट सापडली नाही.

रविवारी आळंदीला जायचं ठरलं. आई गाडीत बसली आणि दार उघडंच ठेवून, हात मांडीवर घेऊन समोर बघत राहिली.

"आई, ओढून घे ना. आता आतून लागतं," अबोली स्टिअरिंगमागून म्हणाली. "नकली असलं तरी चांगलं मजबूत आहे."

आईने हँडल ओढलं. दार पहिल्याच झटक्यात लागलं.

 

"अस्सल हँडल माळ्यावर पान्यांच्या डब्यात आहे, अगदी धड," आई समोरच बघत म्हणाली. "ह्यांनीच काढून लपवलेलं. दिवाळीच्या साफसफाईत मला कधीच सापडलं होतं, पण ह्यांना मी कळू दिलं नाही."