अडकलेलं नाव

अंबाजोगाईच्या कॉलेजात गॅदरिंगला सूत्रसंचालन करणाऱ्या सरांनी संगमेश्वरच्या तोंडापुढं माईक धरला. "बोल गड्या, कोणता डान्स करणार हायेस?"

"लॉ... लॉ... लॉ..."

लॉकिंग म्हणायचं होतं, नाचता नाचता मध्येच कुलूप लागल्यासारखं थांबायचा तो अमेरिकन डान्स. सिरसाळ्याच्या घरच्या किराणा दुकानात तांदळाच्या पोत्यांपुढं उभं राहून आठ दिवस घोकलेला शब्द ऐन वेळी त्याच्या तोतऱ्या जिभेवर अडकून बसला.

"लावणी?" सर म्हणाले. "आरं, मग लुगडं कुठं हाय तुझं?"

अख्खा हॉल खदखदून हसला. संगमेश्वरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाणं लागलं आणि तो नाचला. भिरभिरता हात मध्येच खटकन थांबायचा, गुडघा जागच्या जागी अडकायचा आणि दर वेळी बोट नेमकं सरांवर रोखलेलं असायचं.

टाळ्या थांबल्यावर सर पुन्हा आले. "वा! पण डान्सचं नाव राह्यलंच की."

त्यानं माईक हिसकावून घेतला.

"ए... एक माणूस नाचताना अ... अडकला. लोक हसले. मग त्यो मु... मुद्दाम तिथंच अडकायला लागला. त्याला म्हणत्यात लॉ... लॉ..."

जीभ पुन्हा अडकली. या वेळी ती सोडवायची धडपड त्यानं केलीच नाही. हॉलवर डोळे रोखून तो तसाच उभा राहिला.

"हसा की," तो म्हणाला. "नाव असंच पडलंय त्याचं."