चारच स्क्रू

देवाशपथ सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे! माझी सून ऑफिसांमध्ये नेटवर्कची यंत्रं बसवते. त्या दिवशी तिचा कामावरचा जोडीदार आला नाही, म्हणून मला नेलं. यंत्रं बसवायच्या रॅकची खोली एवढी अरुंद, की वळायचं तर बाहेर येऊन वळायचं आणि परत आत शिरायचं. जेवणाच्या सुट्टीत यंत्र बसलं नाही तर पुढची कामं दुसऱ्याला, असं साहेबांनी बजावलेलं. “आई, हे डोक्यावर तोलून धरा, चारच स्क्रू आहेत.” दोन पिळले आणि सूनबाई उभ्या उभ्याच झोपल्या! पडायलासुद्धा जागा नव्हती. तापलेल्या लेकरापायी रात्रभर जागलेली. मी हललेच नाही. बाहेर पावलं वाजली तेव्हा हळूच म्हटलं, “ऊठ गं, साहेब आले.” तिने उरलेले पिळले, हिरवे दिवे लागले. माझी मान जराही दुखली नाही. बरं बाई, मानेचं तेवढं पदरचं घातलं.