शिकऱ्याचं छत

ताडपत्री ओढून महादेव बाजूला उभा राहिला. आता वाहवा होणार, याची त्याला खात्री होती. 'शिकरा' ही जुनी रॅलीची गाडी नव्या नवरीसारखी झळकत होती. बॉनेटवर हळदीकुंकवाची पाच बोटं, पुढं झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं.

कंपनीचा माणूस सौरव गाडी न्यायला ट्रक घेऊन आला होता. तो बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "महादेवअण्णा, हे काय करून बसलात?"

"का? काय झालं?"

"मी फोनवर सांगितलं होतं ना, धूळसुद्धा झटकू नका म्हणून?"

सांगितलं होतं खरं. पण ते महादेवला पटावं कसं? बोरगावच्या या गॅरेजात गाडी इतकी वर्षं घरच्या पोरीसारखी राहिली. आता कंपनी तिला आपल्या नव्या संग्रहालयात नेणार, काचेच्या हॉलमध्ये ठेवणार, लांबलांबची माणसं बघायला येणार. लेक सासरी धाडताना मळक्या अंगानं कोण धाडतं? त्यात नेमकी खंडेनवमी आली. महादेवनं निपाणीचा पेंटर बोलावला, पोचे काढले, रंग मारला, आतनंबाहेरनं घासूनपुसून पूजा घातली. हौसेला मोल नसतं.

"अहो, आमच्या कंपनीला त्या काळात कोण विचारत होतं?" सौरव कपाळ चोळत म्हणाला. "ट्रॅक्टरवाले म्हणून हसायचे लोक. केशव सरांनी ही गाडी स्वतः चालवत डोंगरातनं, नदीनाल्यातनं काढून रॅलीत पहिली आणली, तेव्हा कंपनीचं नाव झालं. आजच्या आमच्या गाड्या त्याच नावावर विकतात. मला त्या शेवटच्या रॅलीचा चिखल हवा होता, अण्णा. ते पोचे हवे होते. रंगवलेल्या गाड्या तर आम्ही रोज बनवतो."

तो चिखल महादेवनं पाईप लावून धुतला होता. गटारीला तांबडं पाणी लागलेलं बघून बायकोला, नागुबाईला, हाक मारली होती, बघ गं, किती मळली होती पोरगी म्हणून.

"मग आता?"

"आता हॉलमध्ये नाही घेणार. फॅक्टरीच्या गेटजवळ उभी करतील, शोभेला."

केतकी गाडीजवळ उभी होती. केशवअण्णांची ती एकुलती एक लेक. बापाच्या गाडीला निरोप द्यायला ती सकाळीच टिळकवाडीहून आली होती. केशवअण्णा वारले तेव्हा ती शाळेत जायची, आणि घरी ठेवायला जागा नाही म्हणून महादेवनंच गाडी आपल्याकडं आणली होती. केतकीनं दार उघडलं, ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि मान वर करून छताकडं बघत राहिली. छत पांढरंशुभ्र होतं.

"काका," ती म्हणाली, "छत कुणी साफ केलं?"

पेंटरवर ढकलावं, असं महादेवच्या मनात येऊन गेलं. पेंटर बसलाय निपाणीला, त्याला कोण विचारायला जातंय? पण पोरीच्या तोंडाकडं बघून त्याची जीभ रेटेना.

"मीच केलं, आक्का. ग्रीसचा मोठा डाग पडलाता तिथं. पेंटर म्हणत व्हता, आतलं कोण बघतंय, ऱ्हाऊ दे. मलाच ऱ्हावलं न्हाय. लई चिवट व्हता. रॉकेल लावलं, पॉलिशपेपर घासला, तवा कुठं गेला."

"डाग नव्हता तो." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर महादेवला बरं वाटलं असतं. "ती रॅली जिंकून आले ना, तेव्हा बाबांनी मला इथंच मांडीवर घेतलं होतं. हात ग्रीसनं काळे झाले होते त्यांचे. आधी स्वतःचा हात छताला टेकवला. मग माझ्या हाताला ग्रीस लावलं, आणि त्याच्यावरच माझा टेकवला."

महादेवच्या डोळ्यांसमोर तो डाग आला. मोठ्या हातात लहान हात बसलेला, म्हणून बोटं कळत नव्हती. कडेला तेवढा एक अंगठा वाटावा असा भाग होता, आणि तोच शेवटपर्यंत निघत नव्हता. तो त्यानं नखानं खरवडून काढला होता. केशवअण्णांचा हात आपण आपल्या हातानं पुसला, या विचारानं त्याला स्वतःच्या हातांकडं बघवेना. माफी मागावी तर कुठल्या तोंडानं मागावी, तेही कळेना.

नागुबाई गाडीची ओटी भरायला ताट घेऊन आली होती. नवऱ्याचा चेहरा बघून ती दारातच थांबली. सौरव ट्रकवाल्याला फळ्या लावायला सांगायला बाहेर गेला.

केतकीनं हात वर करून छताला टेकवला आणि तसाच ठेवला. हात आता बापाच्या हाताएवढा झाला होता.

महादेव आत गेला. फळीवरचा ग्रीसचा डबा घेऊन आला, झाकण काढलं आणि खिडकीतनं तिच्यापुढं धरला. 

केतकीनं डब्याकडं बघितलं. मग पुन्हा छताकडं.

"नको, काका," ती म्हणाली. "आता माझा एकटीचाच उमटेल."